प्राणवायूचा दाह

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर नातलगांसाठी बाकांची एक रांग असते, आणि रोग्याच्या प्रकृतीची इत्थंभूत हकीकत त्यांना दिवसातून दोनदा सांगण्याचा आमचा परिपाठ आहे. या बाकांवरून आजवर मला जे प्रश्न विचारले गेले, त्यांत एक असा आहे की, विचारणारी माणसे दरवेळी निराळी असली तरी त्याचे स्वरूप जराही पालटलेले नाही: काटा तर पायाला लागला होता, ताप तर चारच दिवसांचा होता, मग मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस ही सारी एकदम कशी बिघडली? बाळंतिणीचा नवरा हाच प्रश्न विचारतो, आंत्रपुच्छ फुटलेल्या मुलाचा बाप हाच विचारतो, आणि मधुमेही सासऱ्याच्या पायाची जखम आठवडाभर घरच्या घरी धुणारी सूनही हाच विचारते. या प्रश्नात अडाणीपणा आहे असे मला कधी वाटले नाही. जंतूने जेथे ठाणे दिले तेथे नासधूस व्हावी, हे कोणालाही समजण्याजोगे आहे; परंतु जेथे तो पोहोचलाच नाही, किंवा पोहोचून औषधाने नाहीसाही झाला, त्या दूरदूरच्या अवयवांनी एकामागून एक आपले कामकाज तहकूब करावे, ही गोष्ट वैद्यकशास्त्रालाही उलगडायला फार काळ लागला, आणि ती पुरती उलगडली आहे असे आजही छातीठोकपणे म्हणवत नाही.

माझ्या विद्यार्थिदशेत सेप्सिस म्हणजे रक्तात जंतू शिरून होणारी विषबाधा, अशी सरधोपट समजूत होती. पुढे १९९१ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी ताप, नाडी, श्वास आणि श्वेतपेशींची संख्या या चार खुणांवर तिची व्याख्या बांधली, आणि २०१६ साली ती व्याख्याही मागे पडून असे ठरले की, जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयवांचे कार्य प्राणावर बेतावे इतके बिघडणे, हाच सेप्सिस. या व्याख्येत जंतूकडे दोषाचा केवळ आरंभ राहिला, आणि उरलेला सारा मजकूर रोग्याच्या स्वतःच्या देहावर आला. व्याधीचा विस्तार किती मोठा आहे याचा अंदाज एकाच हिशेबावरून येईल: २०१७ या एका वर्षात जगभर सुमारे ४ कोटी ८९ लाख माणसांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख माणसे त्याने दगावली, म्हणजे त्या वर्षी जगात जे मृत्यू झाले त्यांतला साधारण पाचवा हिस्सा या एका कारणाच्या खाती जमा होता.

मी ज्या मुलखात काम करतो त्या कोकणात हा आजार पावसाचे बोट धरून येतो. लावणीच्या दिवसांत माणसे पहाटेपासून गुडघाभर चिखलात उभी असतात; उंदराघुशींच्या मूत्राने दूषित झालेले खाचरांतले पाणी भेगाळलेल्या टाचांतून आणि खरचटलेल्या पोटऱ्यांतून लेप्टोस्पायरा नावाचा पिळदार जंतू आत घेऊन जाते; आणि जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने ज्या रोगाची धास्ती घेतली, त्याचे ‘लेप्टो’ हे आखूड नाव आता वाडीवस्तीवरच्या आजीबाईंच्याही तोंडी रुळले आहे. बहुतेकांचा ताप साध्या गोळ्यांनी उतरतो. ज्यांचा उतरत नाही, त्यांतले काही आमच्याकडे येतात.

अशाच एका श्रावणातल्या संध्याकाळी रुग्णवाहिकेतून एका शेतकऱ्याला आणले. वय चाळिशीच्या आतबाहेर, अंग काटक, सारी लावणी हाताखाली गडी न घेता उरकणारा. गावातल्या एका डॉक्टराने चार दिवस सलाइन आणि तापाची इंजेक्शने दिली होती, आणि सोबत दिलेल्या चिठ्ठीवर ‘ताप, अशक्तपणा, पुढील उपचारार्थ’ एवढाच तपशील होता. त्याचे डोळे लालभडक होते, पण त्यांत चिपडे नव्हती, आणि त्या लालीच्या तळाशी काविळीची पिवळी झाक दिसत होती. पोटऱ्यांना तो हात लावू देईना. बोलताना शब्दागणिक दम खात होता, आणि छातीकडे पाहत घड्याळ लावून मोजले तेव्हा श्वास मिनिटाला ३४ भरले. रक्तदाबाचा वरचा आकडा ७६ होता. दोन्ही गुडघ्यांवरून मांडीकडे जांभळट जाळी चढत चालली होती, आणि बोटाच्या पेरावर काचपट्टी घट्ट दाबून दहा सेकंदांनी उचलली, तेव्हा पांढरा पडलेला ठिपका पुन्हा लाल व्हायला ६ सेकंद लागले. निरोगी माणसात ३ सेकंदांच्या आत तो भरून येतो. तोंडावरच्या मुखवट्यातून प्राणवायू चालू होता आणि रक्तातले त्याचे प्रमाण यंत्रावर ९६ टक्के दिसत होते. परंतु रक्तातले लॅक्टेट हे आम्ल, जे पेशींचे इंधन नीट जळत नसल्याची एक खूण मानले जाते, ते सर्वसाधारण मर्यादेच्या तिपटीहून अधिक चढले होते. रक्तात प्राणवायू भरपूर असतानाही देह गुदमरल्याप्रमाणे वागत होता, आणि बाकावरून विचारल्या जाणाऱ्या त्या प्रश्नाचे मर्म मला याच विसंगतीत दिसते.

याचा उलगडा करायचा तर श्वेतपेशींच्या कारभारात डोकवावे लागते. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकातच असे आढळून आले होते की, जंतू गिळताना श्वेतपेशी एकाएकी कितीतरी अधिक प्राणवायू शोषून घेतात. आणि जंतू गिळण्याच्या श्रमांसाठी तो लागत असावा, असा तेव्हाचा साहजिक तर्क होता. खरा प्रकार निराळा निघाला. १९६९ साली ड्यूक विद्यापीठातील मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या दोघांनी सुपरऑक्साइड नावाच्या अत्यंत चंचल रेणूचा नाश करणारे एक विकर जिवंत पेशींत असल्याचे दाखवून दिले, आणि ज्या अर्थी निसर्गाने त्याचा बंदोबस्त करून ठेवला आहे त्या अर्थी तो रेणू देहात नित्य निर्माण होत असला पाहिजे, हे त्यावरून उघड झाले. १९७३ साली बॅबियर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले की, श्वेतपेशी हाच रेणू मुद्दाम, जंतूवर सोडण्यासाठी, तयार करतात. प्राणवायूच्या रेणूला एक जादा इलेक्ट्रॉन चिकटवला की सुपरऑक्साइड होतो, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड होते, आणि त्यापासून श्वेतपेशींतील एक हिरवट रंगाचे विकर हायपोक्लोरस आम्ल बनवते. पाणी शुद्ध करण्यासाठी आपण विरंजक चूर्ण टाकतो तेव्हा जंतूंचा नायनाट करणारे द्रव्यही हेच, आणि पुवाला जी हिरवट छटा येते ती त्या विकराची. ज्या मुलांच्या श्वेतपेशींना जन्मतःच सुपरऑक्साइड बनवता येत नाही, त्यांना वारंवार गळवे होतात, बुरशी फुप्फुसात घर करते, आणि साध्या जंतूंशीही त्यांना वर्षानुवर्षे झुंजावे लागते. हे शस्त्र नसते तर माणूस बालपण ओलांडून पुढे आला नसता, हे त्या मुलांकडे पाहिले की पटते.

आमच्याकडे उन्हाळ्याच्या अखेरीस शेतकरी राब भाजतात. पालापाचोळा, शेण आणि गवत भाताच्या रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर पसरून पेटवले की तण आणि किडे जळून जातात व जमीन रोपांना मऊ होते. पण ऐन वेळी वारा उठला आणि बांधापाशी पाण्याची कळशी घेऊन कोणी उभे नसले, तर तीच आग शेजारच्या आमराईत शिरते. त्या शेतकऱ्याच्या थोरल्या भावाला मी त्या संध्याकाळी हाच दाखला दिला, कारण भाजणीला वाऱ्याचा अंदाज घेणे त्याच्या हाडीमासी खिळलेले होते, आणि वारा सुटण्याचा अर्थ त्याला मी सांगण्यापूर्वीच कळला.

देहात हा वारा सुटतो म्हणजे काय होते, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. जंतूंच्या अवशेषांनी खवळलेल्या श्वेतपेशी जेथे जंतू आहेत तेवढ्यापुरत्या न राहता सर्व रक्तवाहिन्यांतून एकाच वेळी सज्ज होतात आणि फुप्फुसांच्या केसाहून बारीक वाहिन्यांत अडकून तेथेच आपली शस्त्रे सोडू लागतात. वाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर शर्करायुक्त द्रव्याचा जो अतिशय पातळ लेप असतो, तो त्यामुळे झडतो, आणि मग सलाइन चढवावे तितके झिरपून बाहेर जाते: चेहरा सुजतो, फुप्फुसे पाण्याने भरतात, आणि रक्तदाब काही वर येत नाही. याच सुमारास वाहिन्यांची भिंत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अतोनात प्रमाणात सोडते, ज्याने वाहिन्या सैलावतात. या वायूचे देहातील कार्य ओळखणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, एवढे त्याचे आरोग्यातले महत्त्व; पण सुपरऑक्साइडची गाठ पडताच त्याच वायूपासून पेरॉक्सिनायट्राइट हे जहाल द्रव्य तयार होते, आणि ते पेशीच्या आतवर शिरून तंतुकणिकांवर घाला घालते.

तंतुकणिका म्हणजे पेशींतील ज्या सूक्ष्म भट्ट्यांत प्राणवायू खर्चून जीवनाची ऊर्जा तयार होते त्या. निरोगी अवस्थेतही त्यांच्यातून थोडे सुपरऑक्साइड गळत असते, आणि ग्लुटाथिओनसारखी द्रव्ये ते तेथल्या तेथे निकालात काढतात. सेप्सिसमध्ये ही शिल्लक आटत जाते, भट्टीचे यंत्र जागोजाग अडते, अडलेल्या यंत्रातून आणखी सुपरऑक्साइड गळते, आणि नुकसानीतून नुकसान वाढत जाते. शास्त्रज्ञ ज्याला ऑक्सिडीकारक ताण म्हणतात तो हा. लंडनमध्ये २००२ साली सेप्सिसने रक्तदाब कोसळलेल्या २८ रोग्यांच्या मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे तपासण्यात आले, तेव्हा जे रोगी पुढे वाचले नाहीत त्यांच्या स्नायूंत ग्लुटाथिओन आणि ऊर्जेचा साठा ही दोन्ही वाचलेल्यांपेक्षा कमी निघाली. प्राणवायू दारापर्यंत पोहोचतो, पण घरात त्याचा विनियोग करणारे कोणी उरलेले नसते. माझ्यासमोरच्या रोग्याचा ९६ हा आकडा आणि त्याचे चढलेले लॅक्टेट यांची सांगड यामुळे बऱ्याच अंशी लागते.

येथपर्यंत वाचून कोणाही विचारी माणसाला जे सुचेल, तेच संशोधकांनाही सुचले: ऑक्सिडीकरणाने नाश होतो, तर ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य द्यावे. त्या शेतकऱ्याच्या भावालाही कोणीतरी ते सुचवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, रोगी व्हेंटिलेटरवर गेलेला, लघवी जवळजवळ बंद, अशा अवस्थेत तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “डॉक्टरसाहेब, क जीवनसत्त्वाच्या मोठ्या इंजेक्शनांनी अशी माणसं उठतात म्हणे. बाहेरून मागवा. कलमांचा सौदा मी आजच्या आज करतो.” हापूसची कलमे विकायला निघालेल्या माणसाला ‘उपयोग नाही’ एवढे दोन शब्द सांगून वाटेला लावणे मला प्रशस्त वाटले नाही. मी त्याला खुर्चीवर बसवून सारी कथा सांगितली.

ती कथा अशी. माणसाला क जीवनसत्त्व देहात तयार करता येत नाही, आणि सेप्सिसच्या रोग्यांत त्याची रक्तातली पातळी खरोखरच खालावलेली असते. २०१७ साली अमेरिकेत व्हर्जिनियातील नॉरफोक येथे डॉक्टर पॉल मारिक यांनी क जीवनसत्त्व, हायड्रोकॉर्टिसोन आणि थायमिन असे तिन्ही मिळून दिलेल्या ४७ रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यांतले ८.५ टक्के दगावले, तर त्याआधीच्या महिन्यांतल्या, हे उपचार न मिळालेल्या ४७ रोग्यांपैकी ४०.४ टक्के दगावले होते. औषधे स्वस्त, हानी काही दिसत नाही, आणि फरक एवढा प्रचंड; जगभरच्या अतिदक्षता विभागांतून त्यांचा वापर सुरू झाला यात नवल नव्हते. परंतु दोन निरनिराळ्या काळांतल्या रोग्यांची तुलना म्हणजे निवाडा नव्हे, म्हणून रोग्यांची सरमिसळ चिठ्ठ्या टाकाव्या तशी करून रीतसर चाचण्या झाल्या. २०२० साली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्राझील येथील चाचणीत काहीच फायदा दिसला नाही. २०२२ साली कॅनडातून चालवलेल्या ८७२ रोग्यांच्या चाचणीत मोठ्या मात्रेत क जीवनसत्त्व दिलेल्यांपैकी ४४.५ टक्के, आणि न दिलेल्यांपैकी ३८.५ टक्के रोगी अठ्ठावीस दिवसांनंतर एकतर मरण पावले होते, नाहीतर त्यांचे अवयव यंत्रांच्या आधारानेच चालत होते. त्यापूर्वी २०१३ मध्ये सेलेनियम, जस्त, ई जीवनसत्त्व अशा मिश्रणाचीही परीक्षा होऊन गेली होती, आणि तेही निष्फळ ठरले होते. नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती थोपवणाऱ्या औषधाची हकीकत तर अधिकच चटका लावणारी आहे: ते दिल्यावर रक्तदाब सुधारला, पण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ७९७ रोग्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ४९ टक्के मरण पावले, आणि ती चाचणी मध्येच बंद करावी लागली.

असे का व्हावे? माझी समजूत अशी आहे, आणि ती वर्षानुवर्षांच्या अनुभवाने दृढच होत गेली आहे, की आपण येथे शत्रू आणि शस्त्र यांत गल्लत करतो. ज्या रेणूंनी मूत्रपिंड होरपळते त्याच रेणूंनी जंतू मरतात, आणि त्यांच्याच अल्प प्रमाणाने पेशी एकमेकींना दुरुस्तीचे संदेशही देतात. तेव्हा कोणत्या अवयवात, कोणत्या घटकेला आणि किती थोपवायचे याचा विवेक नसलेले औषध सगळीकडे सारखेच ओतले, तर जे राखायचे तेही त्यात वाहून जाते. शिवाय रोगी आमच्यापर्यंत येतो तोवर आग लागून गेलेली असते. या विवेकाचे औषध पुढेमागे निघेल अशी मला आशा आहे; आज ते आमच्या कपाटात नाही, आणि जे कपाटात नाही त्यासाठी कोणाची कलमे विकू देणे हा माझ्या दृष्टीने अधर्म आहे. महागड्या कुप्या लिहून देऊन नातलगांचे तात्पुरते समाधान करण्याचा जो प्रघात काही ठिकाणी पडला आहे, त्याचा मला मनापासून विषाद वाटतो.

उलट ज्या गोष्टी आमच्या हातात असतात, त्या दिसायला इतक्या साध्या असतात की त्यांचे मोल नातलगांच्या ध्यानात येत नाही. रोगी आत आल्यावर तासाच्या आत त्याला प्रतिजैविक सुरू झाले होते. शिरेतून रक्तदाब सावरणारे नॉरॲड्रिनलीन मिनिटामिनिटाला मोजून चालले होते. व्हेंटिलेटरने प्रत्येक श्वासाला थोडीच हवा द्यावी, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे सहा मिलिलिटर, असा दंडक आहे, कारण सुजलेले फुप्फुस ताणले की त्याचा दाह आणखी वाढतो. आणि दुसऱ्या दिवशी रक्तातला प्राणवायू १०० टक्क्यांवर गेलेला पाहून रात्रपाळीच्या सिस्टरांनी यंत्राचा प्राणवायू कमी केला, तेव्हा काचेतून पाहणारा भाऊ कासावीस होऊन म्हणाला, “ऑक्सिजन काढताय का, साहेब?” कोविडच्या साथीने प्राणवायूच्या टाकीची धास्ती सर्वांच्या मनात बसवली आहे, त्यामुळे तो अधिक म्हणजे बरा, ही भावना मी समजू शकतो. पण ज्या द्रव्यापासून सुपरऑक्साइड बनते ते द्रव्य गरजेहून अधिक ओतणे हे घातक ठरू शकते. फ्रान्समध्ये सेप्सिसच्या रोग्यांना चोवीस तास निव्वळ प्राणवायू देऊन पाहण्याची चाचणी धोका दिसल्यामुळे अर्ध्यावर सोडून द्यावी लागली, आणि तिचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला आहे. मी त्याला इतकेच सांगितले की, त्यांना लागेल तेवढा चालू आहे, जास्तीचा तेवढा काढला आहे. सिस्टरांनी त्याला आत बोलावून आकडा दाखवला, आणि तो आकडा ९५ वर स्थिर असल्याचे पाहून तो बाकावर परतला.

लघवी मात्र येईना. डायलिसिस सुरू करावे लागले, आणि “किडनी गेली का?” हा प्रश्न बाकावरून पहिल्यांदा रोग्याच्या बायकोने विचारला. या प्रश्नाला मी जे उत्तर देतो, त्याला शवविच्छेदनाच्या टेबलाचा आधार आहे. सेंट लुइस येथील हॉचकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेप्सिसने मरण पावलेल्यांचे अवयव मृत्यूनंतर लगेच तपासले, तेव्हा त्यांना अपेक्षेविरुद्ध असे दिसले की हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या पेशी फारशा मेलेल्या नव्हत्या. ज्या बिघाडाने माणूस गेला त्याच्या मानाने दिसणारी हानी फार थोडी होती. त्यावरून काही संशोधक, विशेषतः लंडनचे मर्विन सिंगर, असे मानतात की, तंतुकणिका अडू लागल्या की अवयव आपले कामकाज स्वतःहून आवरते घेतो आणि पेशी वाचवण्यापुरती ऊर्जा राखून ठेवतो. हे मत सर्वमान्य आहे असे नाही, परंतु रुग्णशय्येपाशी जे दिसते त्याच्याशी ते पुष्कळच जुळते, कारण सेप्सिसमधून वाचलेल्या, पूर्वी निरोगी असलेल्या माणसाचे मूत्रपिंड बहुधा पुन्हा कामाला लागते. लेप्टोत तर हे विशेषच दिसते. म्हणून मी तिला सांगितले, “ताई, किडनी गेलेली नाही, थांबली आहे. ती चालू होईपर्यंत तिचं काम यंत्र करील.” शब्द मी जाणूनबुजून निवडले होते, पण ते तिची समजूत काढण्यासाठी वापरले नव्हते, मला तसेच वाटत होते.

आठवड्याच्या अखेरीस पिशवीत गडद लघवी जमू लागली. आधी नळीत, मग पिशवीच्या तळाशी, मग तासाला ३० मिलिलिटर, ५०, आणि एका पहाटे २००. तेव्हा पोटॅशियम भराभर खाली जाऊ लागले आणि ते भरून काढण्याची निराळीच तारांबळ उडाली. व्हेंटिलेटर निघाला. नंतर कित्येक महिने त्याच्या पायांत बळ नव्हते, रात्री झोपेत तो यंत्रांच्या घंट्या ऐकून दचकून उठे, आणि नांगराला हात लावायला त्याला पुढचा हंगाम उजाडावा लागला. घरी सोडण्याच्या कागदावर या त्रासांसाठी रकाना नसतो, म्हणून आता ते मी शेवटी हाताने लिहून देतो, आणि नातलगांना मोठ्याने वाचून दाखवतो.

त्याच्या फायलीत मला राहून राहून सलते ती आरंभीची चिठ्ठी. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांहून अधिक रोग्यांच्या अभ्यासात असे दिसले होते की, रक्तदाब कोसळल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत योग्य प्रतिजैविकाला होणाऱ्या दर तासाच्या उशिराने वाचण्याची शक्यता सरासरी साडेसात टक्क्यांच्या आसपास घटत जाते. आग लागल्यानंतरचे औषध आपल्याजवळ नाही, हे ज्याला एकदा पटले, त्याला हे तास आणि त्यांच्याही आधीचे दिवस यांखेरीज दुसरीकडे पाहता येत नाही. श्वास वेगाने चालू लागतो तो बहुधा रक्तदाब उतरण्यापूर्वी. मोजायला एक घड्याळ आणि एक मिनिट पुरते. आणि तरीही रोग्याच्या कागदावर सर्वांत कमी वेळा लिहिला जाणारा आकडा तोच असतो. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तालुक्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि खासगी डॉक्टर यांच्याकडे जाऊन बसलो, लावणीच्या हंगामात तापाच्या प्रत्येक रोग्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत आणि चिठ्ठीवर लिहावेत एवढीच विनंती केली, आणि पोटऱ्या दुखत असल्यास तपासणीच्या निकालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लीन सुरू करण्याविषयी बोललो. कोणी हसले नाही. काहींनी वेळ नाही म्हटले. आता पावसाळ्यात येणाऱ्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर तो आकडा असतो. तो २२ च्या वर दिसला की आरोग्य केंद्रातून आधी फोन येतो, प्रतिजैविकाची पहिली मात्रा तेथेच देऊन मग गाडी निघते, आणि गाडी घाट उतरेपर्यंत सिस्टर खाट लावून पंप तयार ठेवतात.